महरूसची शपथ आणि लाकडी घोडे

नील समुद्राला मिळते तिथल्या आमच्या रास अल-बर्र गावचा न्हावी दुकान सोडून कुणाकडे जात नाही. आजाऱ्याकडे आणि नवरदेवाकडे तेवढा जातो. महरूस आजारी नव्हता, नवरदेव तर नव्हताच. तरी दर गुरुवारी न्हावी आपली पेटी घेऊन अबुल-मआती कुटुंबाच्या मलाहीत जायचा, म्हणजे पाळणे, झोपाळे आणि टक्करगाड्यांच्या त्यांच्या पार्कात. तिकिटाच्या खिडकीमागे महरूसला स्टुलावर बसवून तो त्याची दाढी करायचा आणि गावातल्या बातम्या त्याच्या कानात ओतायचा. महरूस फाटकाबाहेर येऊ शकत नव्हता ना.

फाटकाला कुलूप नव्हतं. कुणी त्याला कोंडलं नव्हतं. भल्या माणसाने स्वतःच स्वतःला कोंडून घेतलं होतं, एका वाक्यात, आणि त्या वाक्यात बायकोला गोवून.

आमच्याकडचे पुरुष तसे शपथांना उदार. राग आला की टेबल आपटायचं, मग देवाची शपथ घ्यायची, आणि तेवढ्यानेही समोरचा ढिम्म राहिला की ‘असं झालं नाही तर माझ्या बायकोला तलाक’ म्हणून मोकळं व्हायचं. पाहुण्याने जेवूनच जावं म्हणून ही शपथ घेणारे महाभाग मी पाहिले आहेत. बायको आत बदक शिजवत असते आणि बाहेर ओसरीवर तिचा संसार पणाला लागलेला असतो. बहुतेक शपथा चहा येईपर्यंत विरून जातात. महरूसची विरली नाही.

मुळात हे सगळं त्याच्या बापापासून सुरू झालं. अबुल-मआती शेजारच्या दमियात शहरातला उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, लाकडावर नक्षी कोरणारा. नवरीमुलींच्या पलंगांवर गुलाब कोरून त्याने संसार चालवला. पलंग बदलायचा, गिऱ्हाईक बदलायचं, गुलाब तोच. एका उरुसात त्याला मोडका लाकडी घोडा दिसला. तो त्याने दुरुस्तीला म्हणून घरी आणला आणि परत केलाच नाही, त्याऐवजी दुसरा कोरून दिला. मग तिसरा कोरला, आणि मग तो थांबेचना. नातेवाईक म्हणाले, याचं डोकं फिरलं. डोकं फिरलं होतंच. समुद्राकाठी जागा घेऊन त्याने गोल फिरणारा घोड्यांचा पाळणा उभा केला, आणि त्याच्याभोवती हळूहळू पार्क वाढलं. प्रत्येक घोड्याला त्याने वेगळा स्वभाव दिला होता. एक हट्टी, एक लाजरा, एक नुसताच भुकेला. मुलं आपापल्या स्वभावाचा घोडा बरोबर हुडकून त्यावर बसायची.

अबुल-मआतीला दोन मुलगे. थोरला वगीह, धाकटा महरूस. मरताना बापाने वगीहच्या हाती किल्ल्या दिल्या आणि महरूसच्या हाती पटाशी. वाटणी ज्याच्या त्याच्या वकुबाप्रमाणे झाली, कुणाची तक्रार नव्हती. खाऱ्या हवेत लाकूड फुगतं, रंग पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून दर हिवाळ्यात महरूस एकेक घोडा उतरवून घासायचा, भेगा बुजवायचा, नवा रंग द्यायचा. वगीह बाकीचं सगळं बघायचा, आणि बाकीचं म्हणजे कामगारांचे पगार, विजेचं बिल, नगरपालिकेचे साहेब. एक सांगायला हवं. वगीह वाईट माणूस नाही. त्या पार्कावर बारा घरं जेवतात, आणि ती घोड्यांवर जेवत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं आणि महरूसला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

घोड्यांचा पाळणा फाटकातून आत शिरल्याबरोबर समोर होता. वगीहच्या भाषेत ते दुकानाचं तोंड. वसंताच्या सणाला, शम्म अन-नसीमला, सगळा जिल्हा खारवलेले मासे आणि कांदे घेऊन समुद्रावर लोटतो, त्या दिवशी वगीह फाटकाशी उभा राहून नुसतं बघत राहिला. पोरं आत शिरत, घोड्यांना वळसा घालत आणि टक्करगाड्यांकडे पळत.

सणाच्या दुसऱ्या दिवशी महरूस रंग आणायला दमियातला गेला. परत आला तेव्हा घोडे जाग्यावर नव्हते. पार मागे, मुताऱ्यांच्या भिंतीशी, ताडपत्रीखाली त्यांचा पाळणा उभा होता. त्याच्या जागी हिरवा प्लास्टिकचा ड्रॅगन वेटोळं घालून बसला होता, पाठीवर खुर्च्या आणि तोंडात भोंगा.

महरूसच्या हातातले डबे तसेच राहिले.

“हे काय आहे?”

“रूळ आहेत. गाडी त्यावरून पळते,” वगीह म्हणाला. “बस, एक फेरी मार. पहिली फेरी तुझी.”

“बापाचे घोडे तू मुतारीला बांधलेस?”

“मुतारीला नाही, मुतारीशेजारी. आणि बांधलेले नाहीत. फिरतात. ज्याला हवं तो तिथे जाईल.”

“कोण जाईल तिथे?”

“हाच प्रश्न मी दहा वर्षं करतोय, भावा. इथे असतानाही कोण जात होतं?”

कामगार गोळा झाले होते. आकाशपाळणा चालवणारा म्हातारा अम्म रिज्क, म्हणजे सगळ्यांचा रिज्ककाका, मध्ये पडायला बघत होता. महरूसने डोक्यात राख घालून घेतली. खरं तर त्याला म्हणायचं होतं की या पार्कात पुन्हा पाय ठेवणार नाही. चारचौघांसारखा माणूस हेच म्हणाला असता आणि घरी जाऊन झोपला असता. पण तोंड उघडता उघडता त्याच्या मनात आलं की मी बाहेर राहिलो तर घोड्यांकडे बघणार कोण. आणि त्याने वाक्य उलटं फिरवलं.

“माझे घोडे पहिल्या जागी येईपर्यंत मी या फाटकाबाहेर पाऊल टाकलं, तर माझ्या बायकोला तीनदा तलाक.”

अम्म रिज्कने कपाळाला हात लावला. वगीहने शपथ घेतली असती तर बरं झालं असतं. दोन शपथा एकमेकींवर आपटून फुटल्या असत्या, कुणीतरी म्हाताऱ्याने दोघांना मिठी मारायला लावली असती. पण वगीहने आयुष्यात कधी शपथ घेतली नाही. तो एवढंच म्हणाला, “मग राहा, भावा. जागा तुझीच आहे.”

महरूसला वाटलं, दोन दिवसांत हा विरघळेल. दोन दिवसांत ड्रॅगनपुढे रांग लागली.

तो राहिला. कोरीवकामाच्या शेडमध्ये गादी टाकली. घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. बायको इख्लास दुपारी डबा घेऊन यायची, फाटकाच्या आत येऊन बाकावर बसायची, तो जेवेपर्यंत इकडेतिकडे बघायची. लग्नाआधी ती बापाच्या मासळीच्या दुकानात बसायची, तेव्हापासून तिचा आवाज खणखणीत. या काळात ती फार कमी बोलली. “मीठ बरोबर आहे?” “बरोबर आहे.” “मळके कपडे दे.” एवढंच.

संध्याकाळी गर्दी सुरू व्हायच्या आधी अम्म रिज्क आकाशपाळणा एकदा रिकामा फिरवून बघायचा. महरूस त्यात बसायचा. वर गेलं की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नील, आणि मधल्या गच्च्यांमध्ये त्याच्या घराची बाल्कनी. बाल्कनीतली दोरी. दोरीवरच्या कपड्यांवरून त्याला घर कळायचं. मुलीचा, शुरूकचा, चांगला झगा वाळत असला की काल कुणी पाहुणे आले होते. मोठ्या चादरी असल्या की इख्लासची बहीण पलीकडच्या काठावरच्या इज्बत अल-बुर्जहून राहायला आली आहे. आणि त्याच्या स्वतःच्या पायघोळ गलाबियाही असायच्या, दोन बाह्या दोरीवर पसरून. त्या दिसल्या की त्याला बरं वाटायचं. आपण घरीच आहोत असं वाटायचं. मग पाळणा खाली यायचा.

उन्हाळा जवळ आला तसा वगीह शेडपाशी येऊन उभा राहू लागला. महरूस बापाच्या पद्धतीने नवा घोडा कोरत होता, आणि वगीहने पाहिलं की ड्रॅगनच्या रांगेतली माणसं रांग सोडून शेडच्या दारातून आत डोकावतात. कुणी मोबाइलवर फोटो काढतात. आठवड्याभरात सुतार आले आणि शेडची पुढची भिंत काढून तिथे काच बसवली. वर पाटी लागली: ‘घोड्यांचा शेवटचा उस्ता. बघा, हाताने कसे घडतात.’

“शेवटचा का?” महरूसने विचारलं.

“दुसरा आहे?”

आणि खरं बोलायचं तर काचेबाहेरची पहिली गर्दी बघून महरूसचं मन सुखावलं. इतकी वर्षं त्याच्या कामाकडे कुणी मान वळवून पाहिलं नव्हतं. आता मनसूरा, तंता, थेट कैरोहून आलेली कुटुंबं काचेला नाक लावून उभी राहायची. तो पटाशी फिरवायचा, ढलप्या उडायच्या, बायका म्हणायच्या, वा, काय हात आहे. काम भराभर होऊ लागलं. घोड्याची मान झाली, आयाळ झाली, चेहरा आकाराला आला.

तेव्हा वगीह काचेच्या आत आला आणि दार लावून घेतलं.

“जरा हळू घे.”

“का?”

“पुरा झाला की लोकांनी काय बघायचं? चेहरा असाच राहू दे. थोडं इकडे घास, थोडं तिकडे घास. त्यांना काय कळतंय?”

“मला कळतं ना.”

“तू कुठे बाहेर उभा आहेस?” वगीह म्हणाला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “महरूस, हे लोक तुझ्यासाठी येतात. बाबा असते तर रडले असते आनंदाने.”

महरूस त्या उन्हाळ्यात एकच चेहरा घासत बसला. ओठ थोडे जाड ठेवायचे, मग बारीक करायचे. डोळा खोल न्यायचा नाही, कारण खोल गेला की परत वर आणता येत नाही. लहान मुलं काचेवर टकटक करायची. एका पोरीने आईला विचारलं, “हा खरा आहे?” आई म्हणाली, “हो ग, हलतोय की.” बापाचे खरे घोडे मागे, मुताऱ्यांच्या भिंतीशी, बहुतेक रिकामेच फिरत होते. एका संध्याकाळी तो हातातलं हत्यार खाली ठेवून काचेकडे बघत बसला. काचेत त्याला घोडा दिसला नाही, स्वतःचा चेहरा दिसला, आणि तोही अर्धा कोरलेला वाटला. बापाचा पलंगांवरचा तोच तो गुलाब त्याला आठवला. त्याला रडू आलं, आणि बाहेरच्यांनी त्याचाही फोटो काढला.

हिवाळ्यात पार्क ओस पडलं. हिवाळा सरता सरता शुरूकचं लग्न ठरलं. मुलगा दमियातचा, सोफे बनवणाऱ्या घरातला, चांगला होता. त्याच्या घरच्यांचं म्हणणं एकच, निकाह दमियातच्या त्यांच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत व्हावा. आणि निकाहात मुलीचा बाप जावयाचा हात हातात घेतो, वर पांढरा रुमाल टाकतात, आणि तो म्हणतो की माझी मुलगी मी तुला दिली. तो हात महरूसचा असायला हवा होता.

वगीहने ताबडतोब दोन उपाय काढले. तो उपाय काढण्यात कधीच कमी पडला नाही.

“एक, निकाह इथेच करू. दिवे आहेत, खुर्च्या आहेत, समुद्र आहे. जमलं तर पुढे इतरांचीही लग्नं इथे लावता येतील.”

“आणि दुसरा?” इख्लासने विचारलं. ती डबा घेऊन आली होती.

“दुसरा, मी बसतो बापाच्या जागी. चुलता आहे. हरकत नाही कुणाची.”

महरूसने इख्लासकडे पाहिलं. इख्लास डब्याचं झाकण लावत होती, आणि झाकण नीट बसेना. ते बसल्यावर ती उठली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दमियातहून एका शेखना घेऊन आली. म्हातारे शेख, पायाने अधू, पण डोळे तल्लख. ताडपत्रीखालच्या घोड्यांपाशी त्यांना खुर्ची दिली, चहा आणला, बशीत मशब्बक ठेवला, तळून पाकात बुडवलेली दमियातची जाळीदार मिठाई. शेखनी आधी मिठाई संपवली.

“शब्द काय होते?” त्यांनी विचारलं.

महरूसने सांगितले.

“रागात होतास?”

“होतो, मौलाना.”

“आता नीट ऐक. शब्द सगळेच वापरतात, बाळा. मी शब्द विचारत नाही. मनात काय होतं ते विचारतो. तू बाहेर पडलास तर ही बाई तुझी बायको राहू नये असं तुझ्या मनात होतं? की भावाला धाक घालायचा होता?”

महरूसने मागे वळून पाहिलं. वगीह तिथेच उभा होता. अम्म रिज्क दूर उभं राहून ऐकत नसल्याचं दाखवत होता. धाक घालायचा होता असं म्हटलं, तर वर्षभराचं हे सगळं म्हणजे हवेतली काठी. ज्याला धाक घालायचा तो घाबरला नाही, उलट काच लावून मोकळा झाला. आणि मनात होतं असं म्हटलं तर इख्लास समोर उभी होती.

ती वाट बघत होती. मग तिला वाट बघवेना.

“मौलाना, मी बोलू?”

“बोल, बेटी.”

“घोडे याचे. भाऊ याचा. भांडण याचं. पणाला मात्र मी.” तिचा आवाज चढला नाही. “वर्षभर मी रोज या फाटकातून आत आले आणि बाहेर गेले. प्रत्येक वेळी मला वाटायचं, हा विसरून माझ्यामागे दोन पावलं आला तर? याला झटका आला आणि उचलून दवाखान्यात न्यावं लागलं तर मी कोण? याची बायको, की नाही? याचे कपडे मी धुतले, दोरीवर घातले, आणि धुताना विचार केला की कुणाचे धुतेय. हे याला एकदा तरी सुचलं का, तेवढं विचारा.”

महरूसला ते सुचलं नव्हतं. दोरीवरच्या गलाबिया बघून त्याला रोज बरं वाटलं होतं.

“धाक घालायचा होता,” तो शेवटी म्हणाला. “दुसरं काही नव्हतं. हिला सोडायचं तर कधीच नव्हतं.”

“मग असं म्हणायला एवढा वेळ का लावलास?” शेखनी विचारलं. “दमियात काही लांब नाही. मला बोलावलं असतंस तर दुसऱ्याच दिवशी आलो असतो.”

महरूसने बशीकडे पाहिलं. खरं उत्तर त्याला माहीत होतं, सगळ्या गावालाही माहीत होतं. वाट आहे हे त्याला दुसऱ्या दिवसापासून ठाऊक होतं. पण आत राहिलं की तो शपथेचा कैदी होता, बापाच्या घोड्यांसाठी सगळं सोसणारा. बाहेर आला असता तर तो फक्त भावाकडून हरलेला धाकटा होता.

“नुसत्या धाकाच्या शपथेने तलाक होत नाही. ती मोडल्याची भरपाई म्हणून दहा गरिबांना पोटभर जेवू घाल,” शेख उठता उठता म्हणाले. “आणि मुलीच्या लग्नाला जा. आणि यापुढे राग आला तर भिंतीवर डोकं आपट. भिंतीला बायको नसते.”

इख्लासने कांदा भरलेली बदकं शिजवली. बंदरावरचे हमाल, दोन म्हाताऱ्या विधवा, जाळी विणणारा आंधळा, असे दहा जण घोड्यांपाशी सतरंजीवर बसून जेवले. महरूसने वाढलं. जेवण आटोपल्यावर तो फाटकाशी गेला आणि बाहेर पाऊल टाकलं. काही झालं नाही. रस्त्यावरून एक गाढवगाडी गेली, हाकणाऱ्याने सलाम केला.

शुक्रवारी मशिदीत त्याने जावयाचा हात हातात घेतला. वर रुमाल पडला. पटाशीने घट्टे पडलेल्या त्याच्या तळव्यात पोराचा हात घामेजला होता. “माझी मुलगी मी तुला दिली,” तो म्हणाला, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याला आपला आवाज आपला वाटला.

संध्याकाळी तो घरी आला. इख्लास पलंगावर पिशवी भरत होती.

“कुठे?”

“पलीकडे, बहिणीकडे.”

“किती दिवस?”

“तूही सांगितलं नव्हतंस किती दिवस.”

“इख्लास, शेखनी सांगितलं ना. संपलं ते.”

“तुझं संपलं, शुरूकच्या बाबा. शेखनी तुला विचारलं की तुझ्या मनात काय होतं. माझ्या मनात काय आहे ते मला कुणी विचारलेलं नाही, मीही अजून स्वतःला विचारलेलं नाही. घोड्यांची जागा हलवली म्हणून तू एवढं रान उठवलंस. माझी जागा कुठे होती ते मला वर्षभर कळत नव्हतं, तेव्हा मी काही बोलले?” तिने पिशवीचे बंद ओढले. “भात झाकून ठेवलाय. गरम करून घे.”

ती होडीने पलीकडे गेली. महरूस धक्क्यापर्यंत गेला. आता तो हवं तिथे जाऊ शकत होता. होडीत मात्र तिने त्याला बोलावलं नाही.

आठवड्याने तो पार्कात गेला तर घोडे फाटकासमोर उभे होते, पहिल्या जागी, धुऊन पुसून. ड्रॅगन मागे गेला होता.

“हे कधी?” त्याने विचारलं.

“काल,” वगीह म्हणाला. “तू बाहेर आलास, आता काचेत बघायला काय राहिलं? आणि लोक विचारतात, तो उस्ता बनवायचा ते घोडे कुठे आहेत. म्हणून पुढे आणले. चालतील या उन्हाळ्यात, बघच तू.” मग जरा थांबून, “खूश ना?”

महरूसने हट्टी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. रंग सुटायला लागला होता. “हो,” तो म्हणाला.

तो शेडमध्ये गेला, अर्धवट चेहऱ्यापुढे बसला आणि काम सुरू केलं. डोळा खोल नेला. आता त्याला कुणी अडवणारं नव्हतं. दुपारी डबा आला नाही.

गर्दीच्या आधी अम्म रिज्कने आकाशपाळणा सुरू केला. महरूस सवयीने त्यात बसला. वर गेल्यावर समुद्र दिसला, नील दिसली, बाल्कनी दिसली. दोरी रिकामी होती. पाळणा खाली आला, अम्म रिज्कने दार उघडायला हात घातला.

“उतरतोस, उस्ता?”

“एक फेरी अजून फिरव,” महरूस म्हणाला.

अम्म रिज्कने पाळणा पुन्हा फिरवला.